बडोद्यातली कोर्टं आणि लायब्रऱ्या: बायका कुठल्या खुर्चीवर आहेत ते मोजायचं कसं

"आता काय, सगळीकडे लेडीजच आहेत" हे दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात पण ऐकू येतं आणि लायब्ररीच्या काउंटरवर पण. वाद घालत बसू नका, मोजून टाका. कामाला एक वही, एक एक्सेल शीट आणि थोडा पेशन्स पुरतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, दोन्ही ठिकाणचं दुखणं वेगळं आहे. वकिलीत बायका मुळातच कमी, 2021 मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनीच सांगितलं होतं की देशातल्या साधारण 17 लाख वकिलांत बायका 15% आणि राज्य बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांत तर 2%. लायब्ररीत उलटं, बायका भरपूर पण सही करायच्या जागी कमी. म्हणून नुसती डोकी मोजली तर लायब्ररी एकदम पास होते. खुर्च्या मोजा.

लायब्ररीपासून सुरू करा, सोपी आहे आणि बडोद्यात तर तो मानही तिचाच. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या लायब्रेरियनला आणलं आणि 1911 मध्ये इथे लायब्ररीचं ट्रेनिंग सुरू झालं, देशातलं पहिलं. पण त्याच अमेरिकेत बायका या कामात एवढ्या का घेतल्या हे पण माहीत असू द्या. 1877 च्या लंडनच्या परिषदेत जस्टिन विन्सर नावाचे तिथले मोठे लायब्रेरियन कौतुकाने सांगत होते की एवढ्या पगारात असं काम पुरुषांकडून मिळणार नाही!! कौतुकच ते. आणि मेलविल ड्यूई, ज्याचे नंबर आपण अजून पुस्तकांच्या पाठीवर चिकटवतो, त्याने 1887 मध्ये कोलंबियात बायकांना शिकायला घेतलं आणि पुढे बायकांशी केलेल्या वागण्यामुळे त्याला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमधून बाजूला व्हावं लागलं, 2019 मध्ये त्याचं नाव त्यांच्या मेडलवरून पण काढलं.

असो. लायब्ररी सरकारी, अनुदानित कॉलेजची किंवा युनिव्हर्सिटीची असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(ख) तुमच्या कामाचं. त्याखाली कर्मचाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाचा महिन्याचा पगार ऑफिसने न मागता जाहीर करायचा असतो. आधी वेबसाइट बघा, नसेल तर अर्ज टाका, गुजरातमध्ये राज्याच्या ऑफिसला फी 20 रुपये. अर्जात "महिलांवर अन्याय होतो का" असलं काही लिहू नका, त्याला उत्तर येतच नाही. पद, नेमणुकीची तारीख, पगार, आणि नोकरी कायम की फिक्स पे की कॉन्ट्रॅक्ट की आउटसोर्स, एवढं मागा. हा शेवटचा कॉलम सगळ्यात जास्त बोलतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने कॉलेजचा लायब्रेरियन असिस्टंट प्रोफेसरच्याच पे लेव्हलवर येतो, म्हणजे लेव्हल 10, सुरुवात 57,700 पासून. मग तेच काम, तीच एम.लिब.ची डिग्री, नेट परीक्षा पण पास, आणि बाई अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असेल तर तो फरक तुमच्या शीटमध्ये एका ओळीत उघडा पडतो.

कागदावर येत नाही ते विचारून घ्यावं लागतं. पुस्तकखरेदीच्या बिलावर सही कोणाची, लायब्ररी कमिटीत कोण, सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात, आणि बाकी राहिलेलं काउंटर, रीडिंग रूम, फाटलेली पुस्तकं चिकटवणं, फंक्शनला रांगोळी आणि पाहुण्यांना गुलाब देणं कोणाकडे. रांगोळीचा कॉलम खरंच ठेवा, लोक हसतात पण भरताना कोणी हसत नाही.

आता कोर्ट. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर रोजचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, मिळतं आणि केस उघडली की दोन्ही बाजूच्या वकिलांची नावं दिसतात. गुजरातीत नावामागे भाई किंवा बेन असतं म्हणून अर्धं काम सोपं होतं, पण नुसती इनिशियल्स असतील तर अंदाज करू नका, "कळत नाही" असा वेगळा कॉलम ठेवा नाहीतर पहिला विरोधक तिथेच पकडेल. हे झालं वकीलपत्राचं. बोललं कोण ते कळायला आत जाऊन बसावं लागतं. कोर्ट खुलं असतं, कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं (इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआडची सुनावणी सोडून, तिथे बाहेर थांबा), फोन बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. सबंध बोर्ड बसा आणि मुदत कोणी मागितली, उलटतपास कोणी घेतला, आर्ग्युमेंट कोणी केलं हे वेगवेगळं लिहा. मुदत मागायला ज्युनिअर मुलगी आणि आर्ग्युमेंटला सर, असं असेल तर "हजर वकील" या आकड्यात ती दिसते आणि करिअरमध्ये दिसत नाही. केसचा प्रकार पण लिहा: पोटगी, घटस्फोट एकीकडे, जमीन, कंपनी, आर्बिट्रेशन दुसरीकडे.

पैसा कुठे आहे ते मात्र कोर्टरूममध्ये कळत नाही, ते पॅनेलच्या यादीत कळतं. सरकारी वकील, महापालिका, सरकारी बँका, सरकारी विमा कंपन्या, सगळ्यांची वकिलांची पॅनेल असतात आणि ही सगळी माहिती अधिकारात येणारी ऑफिसं. पॅनेलवर कोण एवढंच विचारू नका, गेल्या वर्षी कोणाला किती केसेस दिल्या आणि किती फी दिली ते विचारा, कारण नाव यादीत असून वर्षभर एक फाइल न मिळणं हा प्रकार असतो. ज्युनिअर असाल तर अजून एक कॉलम, स्टायपेंड. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात किमान 20,000 ची शिफारस केलीय, शिफारसच आहे, सक्ती नाही, पण ते पत्रक मोबाइलमध्ये असलं की बोलणं सुरू करायला बरं पडतं.

टॉयलेट बघा. हसू नका, 2021 मध्ये रमणांनीच सांगितलं होतं की 6,000 खालच्या कोर्टांपैकी 22% मध्ये बायकांना वेगळं टॉयलेट नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या कोर्टांत सोय करा असा निकाल दिलाय. आहे का एवढं नाही, पाणी आहे का, कडी लागते का, कुलूप कोणाकडे.

लैंगिक छळाच्या तक्रार कमिटीचा बोर्ड कुठे लावलाय ते पण टिपून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ऑफिसात अंतर्गत समिती हवीच, 2013 चा कायदा आहे. वकिलाच्या चेंबरमध्ये चार माणसं असतात, तिथे काय? तिथल्या मुलीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

मग या शीटचं करायचं काय. एक पान करा, जास्त नाही. बारच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, निवडणुकीआधी उमेदवारांना द्या आणि सोबत सांगा की मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःच्याच बार असोसिएशनच्या कमिटीत एक तृतीयांश जागा बायकांना ठेवायला लावल्या, खजिनदाराचं पद पण. कोणी म्हणेल लायक असेल ती येईलच वर. तेव्हा 1923 सांगा, त्या वर्षी कायदा झाला म्हणून बायकांना वकिलीचा रस्ता मोकळा झाला, त्याआधी 1916 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहाला आणि 1921 मध्ये पाटणा हायकोर्टाने सुधांशुबाला हाजराला परत पाठवलं होतं, दोघींकडे कायद्याची डिग्री होती.

माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि शीट बाहेर देताना बायकांची नावं काढा, नुसतं पद आणि वर्षं ठेवा, आणि जिथे त्या पदावर एकच बाई आहे तिथे पद पण काढा, बडोद्यात रावपुऱ्यात काही बोललं की संध्याकाळपर्यंत दांडिया बाजारात कळतं आणि कॉन्ट्रॅक्टची ऑर्डर तिचीच रिन्यू व्हायची असते.