पाणबुडी खरेदीने समुद्रातला समतोल किती बदलतो, हे कसे तपासावे

आधी खरेदी केलेल्या पाणबुड्यांच्या आकड्याला तीनने भागा. एक पाणबुडी गस्तीवर, एक सरावात, एक गोदीत, असा साधारण हिशेब असतो. व्हिएतनामने 2009 मध्ये रशियाशी ‘किलो’ वर्गाच्या सहा डिझेल पाणबुड्यांचा करार केला. त्या 2017 पर्यंत हाती आल्या, म्हणजे एका वेळी दोनच पाणबुड्या समुद्रात आहेत, असे धरा. बांगलादेशने 2016 मध्ये चीनकडून जुन्या मिंग वर्गाच्या दोनच घेतल्या. तिथे एकही बाहेर नाही, असे बरेच दिवस असणार.

मग नकाशा घ्या आणि खोली पाहा. डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. ती 20 नॉटच्या (ताशी सुमारे 37 किमी) आसपास धावली तर बॅटरी तासा-दीड तासात उतरते. 3-4 नॉटने सरकली तर काही दिवस पुरते. म्हणून ती पाठलाग करत नाही, वाटेत दबा धरते. बंदराचे तोंड आणि अरुंद जलमार्ग या तिच्या जागा. उथळ पाण्यात सोनारला, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेला, तळाचे प्रतिध्वनी नडतात, हा तिचा फायदा. पण मलाक्का सामुद्रधुनीत काही ठिकाणी खोली जेमतेम 25 मीटर आहे. तिथे पाण्याखालून सुरक्षित जाताच येत नाही.

सुटे भाग कुणाच्या हातात आहेत, हे जरूर तपासा. थायलंडने 2017 मध्ये चीनशी करार केला, पण चीनवरील युरोपीय संघाच्या शस्त्रबंदीमुळे जर्मन इंजिन मिळेना आणि काम वर्षानुवर्षे रखडले. बचावाची सोयही पाहा. एप्रिल 2021 मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ पाणबुडी 53 जणांसह बुडाली, तेव्हा सिंगापूर, मलेशिया आणि भारताला बचावजहाजे पाठवावी लागली. माणसांच्या जिवाची ही तजवीज करारातच हवी.

खरा परिणाम मात्र शेजाऱ्याच्या खर्चात दिसतो. 1982 च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या ‘सान लुईस’ पाणबुडीचे टॉर्पेडो लागले नाहीत, तरी ब्रिटिश ताफ्याला तिच्या शोधात कितीतरी पाणबुडीविरोधी शस्त्रे खर्ची घालावी लागली. तेव्हा शेजारी गस्ती विमाने, सोनार असलेली हेलिकॉप्टरे घेतो का, यावर लक्ष ठेवा.

शेवटी विक्रेता पाहा. म्यानमारला 2020 मध्ये भारताने ‘सिंधुवीर’ पाणबुडी दिली, 2021 च्या डिसेंबरात चीनने मिंग वर्गाची दिली. खलाशांना कोण शिकवतो, तळ कोण बांधतो, दुरुस्तीला कुणाचे तंत्रज्ञ येतात, याची वेगळी नोंद ठेवा. पाणबुडी भंगारात गेल्यावरही ही ये-जा चालू राहू शकते.