राजदूत ३५० चे दोन कार्ब्युरेटर जुळवताना

पेडण्याहून चोर्ला घाटाकडे निघालो की माझी दोन सिलिंडरची मोटरसायकल, राजदूत ३५०, चढणीआधीच सांगते, दोन्ही सिलिंडर सारखं ओढतायत की नाही. एक मागे राहिला की हँडलमध्ये बारीक थरथर येते आणि एका सायलेन्सरचा धूर दाट होतो. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. आपल्याकडची खारी हवा थ्रॉटलच्या केबलच्या आत शिरते, म्हणून चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मी दोन्ही कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून एकेका सिलिंडरला देणारे भाग, जुळवायचं काम काढतोच.

आधी प्लग आणि दोन्ही पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे) तपासा. ठिणगीचं टायमिंग चुकीचं असेल तर कार्ब्युरेटर फिरवून उपयोग नाही. केबल गंजली असेल तर बदलाच.

इंजिन बंद. एअर फिल्टर काढा, आयडलचे (थ्रॉटल सोडल्यावरच्या वेगाचे) स्क्रू सैल करून दोन्ही स्लाइड, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या वर-खाली सरकणाऱ्या झडपा, पूर्ण खाली बसू द्या. आता वेल्डिंग रॉडचे दोन सारखे, वीतभर लांब तुकडे घ्या. एकेका स्लाइडखाली एकेक अडकवा, बाहेरचं टोक लांब राहू दे. थ्रॉटल अगदी हळू फिरवा. स्लाइड उचलली की टोक खाली कलंडतं. दोन्ही टोकं एकाच क्षणी कलंडली पाहिजेत. एक आधी कलंडलं तर त्या बाजूच्या केबलचा ॲडजस्टर (ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडा आत घ्या. मला दहा-बारा वेळा करावं लागतं, घाई नको.

रॉड काढा, फिल्टर बसवा, इंजिन तापवा. दोन्ही सायलेन्सरमागे हात धरून आयडलचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सारखे करा.

शेवटी इंजिनला तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाची केबल जुळवायचीच. थ्रॉटलची केबल हलली की तिचं मापही बिघडतं, आणि तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.