दोन मोटरींची कंपन-चाळण : फिरत्या वजनांची जुळणी कशी करावी

फिरत्या भागातले असंतुलन एरवी दोष मानले जाते. पंपाचा इंपेलर, म्हणजे आतले पात्यांचे चाक, एका बाजूने झिजला की काही दिवसांत बेअरिंगचा आवाज सुरू होतो. व्हायब्रेटर मोटरमध्ये मात्र हेच असंतुलन मुद्दाम ठेवलेले असते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अर्धचंद्राकृती वजने असतात आणि फिरताना ती शाफ्टला सतत बाहेर ओढतात. या ओढीवर चालणारी चाळण कशी जुळवावी, हे फौंड्रीतली वाळू चाळणाऱ्या एका लहान चाळणीच्या उदाहरणावरून पाहू.

आधी हिशेब करावा. वजनांचे वस्तुमान किलोत, त्यांच्या गुरुत्वमध्याचे शाफ्टच्या अक्षापासूनचे अंतर मीटरमध्ये आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की बल न्यूटनमध्ये मिळते. समजा, एका मोटरवर एकूण २ किलो वजने आहेत, अंतर ३० मिमी आहे आणि मोटर १४४० आरपीएमची (मिनिटाला १४४० फेरे), म्हणजे सेकंदाला सुमारे १५१ रेडियन फिरणारी आहे. तर बल सुमारे १३६० न्यूटन, म्हणजे साधारण १३९ किलोच्या भाराइतके येते. तीच वजने ९६० आरपीएमच्या मोटरवर लावली, तर बल ६०६ न्यूटनवर घसरते.

मऊ स्प्रिंगवर ठेवलेल्या चाळणीचा हेलकावा मात्र वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो. वस्तुमान आणि अंतराचा गुणाकार हलणाऱ्या एकूण वस्तुमानाने भागला की तो मिळतो. दोन मोटरींचा गुणाकार ०.१२ किलो-मीटर आणि मोटरी व वाळूसह हलणारा भाग ६० किलोचा धरला, तर चाळण मध्यापासून २ मिमी, म्हणजे एकूण ४ मिमी हलते, आणि तिचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ४.६ पट होते. चाळणीसाठी साडेतीन ते पाच पट हा आकडा सर्वसाधारणपणे चांगला समजला जातो. म्हणूनच वाळू नीट सरकत नसेल तर व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) वेग वाढवण्याचा मोह टाळावा. विजेची वारंवारता ५० ऐवजी ६० हर्ट्झ केली, तर हेलकावा तेवढाच राहतो, बल मात्र १.४४ पट होते आणि बेअरिंगचे तासांतले आयुष्य जवळपास चौथ्या हिश्शावर येते. हेलकावा वाढवायचा असेल, तर वजने वाढवावीत.

दोन्ही मोटरी एकाच जाड प्लेटवर शेजारी-शेजारी, शाफ्ट समांतर ठेवून बसवाव्यात आणि प्लेट अशी तिरकी करावी, की बलाची रेषा जाळीशी सुमारे ४५ अंशांत राहून चाळणीच्या गुरुत्वमध्यातून जाईल. मोटरी परस्परविरुद्ध दिशांना फिरल्या पाहिजेत. म्हणजे दोघींची आडवी ओढ एकमेकींना रद्द करते आणि एका रेषेतली ओढ दुप्पट होते. त्यांना गिअरने जोडावे लागत नाही. प्लेट ताठ असली आणि चाळण स्प्रिंगवर मोकळी असली, की त्या आपोआप एका लयीत येतात. एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे अशीच लयीत येतात, हे डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६६५ मध्येच टिपले होते. दिशा तपासताना वजने काढून ठेवावीत. कारण एक मोटर कंप पावत असली, की वीज बंद असलेली दुसरीही तिच्या कंपनावर फिरत राहू शकते. दिशा बदलण्यासाठी एका मोटरच्या दोन फेजच्या तारांची अदलाबदल पुरते. एक मोटर ट्रिप झाली की दुसरीही बंद पडेल, अशी जोडणी पॅनेलमध्ये ठेवावी.

आता खरी काळजीची जागा. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला दोन वजने असतात, एक पक्के आणि एक फिरवता येणारे. दोन्ही एकावर एक असली की पूर्ण बल मिळते; त्यांच्यात ९० अंशांचा कोन ठेवला तर सुमारे ७१ टक्के, १२० अंशांना निम्मे. माझ्या पहिल्याच चाळणीत मी दोन्ही टोकांची वजने, प्रत्येक टोकासमोर उभा राहून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सारखीच फिरवली. कोन सारखा दिसत होता, पण शाफ्टच्या दृष्टीने ती विरुद्ध दिशांना गेली होती. चाळण सरळ हलण्याऐवजी पिळवटू लागली आणि तिसऱ्या दिवशी प्लेटच्या वेल्डिंगला केसासारखी चीर पडली. एका टोकाला काट्याच्या दिशेने फिरवले, तर दुसऱ्या टोकाला काट्याच्या उलट फिरवावे.

स्प्रिंग निवडताना भरल्या चाळणीखाली त्या सुमारे १० मिमी दबतील, एवढ्या मऊ घ्याव्यात. मग चाळणीची नैसर्गिक वारंवारता ५ हर्ट्झच्या आसपास राहते, मोटरीच्या २४ हर्ट्झपासून बरीच दूर. बंद करताना वेग उतरत त्या ५ हर्ट्झमधून जातो, तेव्हा चाळण क्षणभर जोरात डोलते. त्यासाठी चारही बाजूंना मोकळी जागा ठेवावी. मोटरचे बोल्ट ८.८ ग्रेडचे घेऊन अर्ध्या तासाने आणि पुन्हा एक दिवसाने आवळावेत. केबलला ढिला वळसा द्यावा.

शेवटी चाळणीच्या बाजूला कागद चिकटवावा, हात स्थिर चौकटीवर टेकवून त्यावर पेन्सिलीचे टोक क्षणभर लावावे. कागदावर सुमारे ४ मिमीची सरळ तिरकी रेघ उमटली, तर जुळणी बरोबर आहे. लंबगोल उमटला, तर दोन्ही मोटरींच्या वजनांचे कोन पुन्हा मोजावेत. हीच तपासणी चाळणीच्या चारही कोपऱ्यांवर करावी.