उत्तरायण कधी लागतं, ते गच्चीवर मोजा

संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवताना आई म्हणायची, "आजपासून दिवस तिळातिळाने मोठा व्हायचा." साताऱ्यात विज्ञान शिकवायला लागल्यावर मीही वर्गात तेच सांगत होते, १४ जानेवारीला उत्तरायण. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, भूगोलाच्या पुस्तकात तर सगळ्यात लहान दिवस २२ डिसेंबर आहे. मग खरं कुठलं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही मोजलं. तुम्हीही मोजा.

काठीची सावली घेऊ नका. तिची कड दीड सेंटीमीटर तरी पुसट असते आणि सगळा घोळ तिथेच होतो. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढं भोक पाडा. गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्यावर तो विटेखाली दाबा, भोक आतल्या बाजूला वीतभर पुढे आलं पाहिजे. भोकापासून फरशी बरोबर १ मीटर खाली हवी; कठडा बुटका असेल तर खाली विटा रचा. भोकातून ओळंबा सोडा (गवंड्याकडचा नसला तरी दोऱ्याला बांधलेला नट चालतो) आणि तो टेकेल तिथे फरशीवर फुली मारा. पुठ्ठ्याच्या सावलीत उन्हाचा एक लांबट गोल ठिपका पडेल. ते सूर्याचंच चित्र आहे. वर सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, मुलं असतील तर हे आधी बजावा.

सव्वाबारा ते एक, दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खडूची खूण करा. फुलीला सगळ्यात जवळची खूण म्हणजे त्या दिवसाची मध्यान्ह. घड्याळातले बारा वाजले की सूर्य माथ्यावर, हाही समज इथेच गळून पडतो. आमच्याकडे २२ डिसेंबरला मध्यान्ह १२:३२ ला झाली, १४ जानेवारीला १२:४३ ला.

आता फुलीपासूनचं अंतर. सूर्य जितका दक्षिणेला, तितका ठिपका फुलीपासून लांब पडतो. साताऱ्यात २२ डिसेंबरला ८७ सेंमी, ७ जानेवारीला ८४, संक्रांतीला ८१. म्हणजे आपण तिळगूळ वाटतो तोवर सूर्य उत्तरेकडे सरकून तीन आठवडे उलटलेले असतात. पुण्यात २२ डिसेंबरचं अंतर ९० येईल, नागपुरात ९८-९९, पणजीत ८१. त्या आठवड्यात ठिपका जेमतेम दोन-चार मिलिमीटर हलतो, त्यामुळे एकाच दिवसाच्या मोजमापावर विसंबू नका; १० डिसेंबरपासून वही घाला. संक्रांतीच्या सुमारास तो रोज अर्धा सेंटीमीटर सरकतो, तेव्हा फरक लहान मुलालाही दिसतो.

आई चुकीचं सांगत होती का? मला तसं म्हणवत नाही. सुमारे १७०० वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आणि उत्तरायण खरोखर एकाच सुमारास होत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे दर ७२ वर्षांनी साधारण एका दिवसाचं अंतर पडत गेलं. शिवाय आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिरा होत जातो. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईला संक्रांतीपर्यंत दिवस वाढलेला जाणवणार कसा? संध्याकाळ मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच लांबायला लागलेली असते, आणि २२ डिसेंबरनंतर ती सकाळच्या उशिरापेक्षा जास्त लांबते.

पुठ्ठा काढलात तरी फुली आणि विटेची जागा ऑइलपेंटने रंगवून ठेवा, खडू टिकत नाही. १०-११ मेला पुन्हा मांडा. त्या दुपारी साडेबाराच्या सुमारास साताऱ्यात ठिपका थेट फुलीवर येतो, आणि पुढे जूनमध्ये ढगांनी सवड दिली तर फुली ओलांडून १० सेंटीमीटर दक्षिणेला, कठड्याच्या दिशेने गेलेला दिसतो.