मोठं टक्कल आणि हेअर ट्रान्सप्लांट: निर्णयाआधी मांडायचा हिशेब

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये एकही नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढून पुढे लावतात, एवढंच. ते पुढे टिकतात, कारण त्या पट्ट्यातल्या मुळांवर डीएचटी या टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाचा फारसा परिणाम होत नाही, आणि जागा बदलली तरी मुळं आपला गुणधर्म सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हे १९५९ मध्ये मांडलं आणि आजची सगळी शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर उभी आहे.

कपाळाच्या दोन कोपऱ्यांत केस मागे सरकले असतील तर हा व्यवहार सोपा असतो. पण टक्कल कपाळापासून भोवऱ्यापर्यंत गेलं असेल आणि कानांच्या वर व मागे नुसती झालर उरली असेल, म्हणजे नॉरवूड मोजपट्टीची सहावी किंवा सातवी पायरी आली असेल, तर भरायची जागा मोठी आणि काढायचा साठा लहान होतो. अशा वेळी ‘कोणतं क्लिनिक चांगलं?’ हा प्रश्न नंतरचा. आधी स्वतःच्या डोक्याचा हिशेब मांडा.

निदान आधी

पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञाची, तीही अशा डॉक्टरांची ज्यांना तुमच्या शस्त्रक्रियेतून पैसे मिळणार नाहीत. डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, टाळू पाहायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यात तीन गोष्टी कळायला हव्यात. टक्कल आनुवंशिकच आहे, की चट्टे पाडणारं किंवा मुळं कायमची जाळणारं आहे? लायकेन प्लॅनोपायलरिससारख्या आजारात लावलेले केसही तोच आजार खाऊन टाकतो. दुसरं, मागच्या पट्ट्यातले केस सगळे जाड आहेत, की त्यांच्यातही बारीक, लवेसारखे केस मिसळलेत? मागेही सरसकट विरळ होत असेल तर तिथले केस पुढे लावून काही वर्षांत तेही जातात. अशा माणसाने शस्त्रक्रिया करूच नये. तिसरं, झालर अजून खाली सरकते आहे का? वडील, काका, मामा यांची झालर साठीनंतर किती उरली हे आठवून डॉक्टरांना सांगा.

बायकांमध्ये केस बहुतेक वेळा सगळीकडूनच विरळ होतात, मागचा पट्टाही भरवशाचा नसतो. त्यामुळे थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून, औषधं सुरू करून, वरून टॉपर, म्हणजे माथ्यावर बसवायचा तयार केसांचा तुकडा, लावणं हा त्यांच्यासाठी बहुतेकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

जागा मोजा, साठा मोजा

एक पातळ पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कापून डोक्यावर ताणून धरा आणि घरातल्या कुणाला तरी मार्करने टकलाची कड आखायला सांगा. पुढचा भाग, मधला भाग आणि भोवरा अशा तीन हद्दी पाडा. प्लास्टिकला कडेने दोन-चार चिरा देऊन ते सपाट करा, आलेख कागदावर ठेवा आणि एक सेंटीमीटरचे चौकोन मोजा.

समजा एकूण २१० चौरस सेंटीमीटर भरले, प्रत्येक भाग ७०. टक्कल नसलेल्या डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरात साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका, सरासरी दोन केस धरा. निम्मी दाटी जमली तरी डोळ्याला ठीक दिसतं. म्हणून पुढे ४०, मध्ये ३० आणि भोवऱ्यावर २५ या दराने धरू: २८००, २१०० आणि १७५०. बेरीज ६६५०.

आता साठा. मागचा सुरक्षित पट्टा १५० चौरस सेंटीमीटर आणि दाटी ७० धरली तर तिथे १०,५०० ग्राफ्ट आहेत. एफयूई पद्धतीत एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. चारातला एक काढला तर काही दिसत नाही. ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की मागचं डोकं कसर लागलेल्या लोकरी कापडासारखं दिसायला लागतं. म्हणजे हातात येतात २६०० ते ३१००. एफयूटीमध्ये कातडीची पट्टी काढून टाके घालतात. २५ सेंटीमीटर लांब आणि सव्वा सेंटीमीटर रुंद पट्टीतून सुमारे २२०० ग्राफ्ट मिळतात, बदल्यात आडवा व्रण राहतो. दोन्ही पद्धती काही वर्षांच्या अंतराने वापरल्या तर आयुष्यभराचा आकडा साडेचार-पाच हजारांपर्यंत जाऊ शकतो. दाढी दाट असेल तर हनुवटीखालचे हजार-दीड हजार ग्राफ्ट आणखी मिळतात. ते जाड आणि राठ असतात, म्हणून मध्यभागी किंवा भोवऱ्यावर मिसळून लावायचे, कपाळाच्या कडेला कधीच नाही. छातीच्या केसांवर विसंबू नका, ते कमी उगवतात आणि आखूड राहतात.

लागतात ६६५०, आहेत त्याच्या जेमतेम निम्मे ते पाऊण. म्हणून मोठ्या टकलावरची प्रामाणिक योजना एकच असते: पुढचा भाग नीट, मधला हलका, भोवरा मोकळा. समोरून चेहऱ्याला चौकट मिळते, मागून टक्कल दिसतं. हे मान्य असेल तरच पुढे जा. ‘एका बैठकीत पूर्ण डोकं भरून देतो’ असं सांगणारा माणूस मागची झालर कायमची उजाड करण्याची शक्यता मोठी असते, कारण काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाहीत.

भुवयांच्या मध्यापासून केसांची रेषा सात-आठ सेंटीमीटर वर हवी. पंचविशीतल्या फोटोसारखी खाली ओढलेली रेषा हजारभर ग्राफ्ट गिळते आणि पन्नाशीत चेहऱ्याला विसंगत दिसते.

आधी ते करा, जे परत फिरवता येतं

शस्त्रक्रियेने एक दार बंद होतं, याचा उल्लेख सल्ल्याच्या खोलीत क्वचितच होतो. एफयूईनंतर मागे हजारो बारीक पांढरट ठिपके राहतात आणि सावळ्या कातडीवर ते जास्त उठून दिसतात. पुढे समाधान झालं नाही आणि गुळगुळीत डोकं करावंसं वाटलं, तर ते ठिपके दिसतात. एफयूटीचा व्रण तर दिसतोच. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा ट्रिमर शून्यावर लावून बाजूची झालर काढा आणि सहा आठवडे तसे राहा. लांब झालर आणि मधे चकचकीत टाळू या विरोधामुळेच टक्कल ठसठशीत दिसतं. झालर गेली की तो विरोध जातो. आपल्याकडे अचानक डोकं केलेलं दिसलं की लोक घाबरून ‘घरी सगळं ठीक ना?’ विचारतात, क्षौराची सवय आहे म्हणून. दर आठवड्याला एक नंबर उतरत गेलात तर तो प्रसंग टळतो. दाढी राखली तर चेहऱ्याचा तोल सावरतो. उघड्या टाळूवर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज लावा.

ट्रिमरचं रूप आवडलं पण टाळू फार चमकते असं वाटलं, तर स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन, म्हणजे एसएमपी. केसांच्या खुंटासारखे बारीक ठिपके रंगाने टोचतात, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन ते चार बैठका. तीन-पाच वर्षांत ते फिकट होतात, मग पुन्हा हात मारावा लागतो. रंग खोल गेला की ठिपका पसरतो आणि निळसर दिसतो. साध्या टॅटूवाल्याकडून हे करून घेऊ नका. व्रण उंच वाढण्याची प्रवृत्ती असेल तर आधी कानामागे चार ठिपक्यांची चाचणी घ्या. ट्रान्सप्लांटनंतरचे व्रण झाकायलाही एसएमपी चांगलं काम करतं.

केस हवेतच, तेही संपूर्ण डोक्यावर, तर हेअर पॅच, म्हणजे टाळूवर चिकटवायचा तयार केसांचा तुकडा, हा एकमेव उपाय आहे. शस्त्रक्रिया तितकी दाटी देऊच शकत नाही. बेस, म्हणजे ज्यावर केस बसवलेले असतात तो पॅचचा तळ, निवडताना हवामान पाहा. मुंबई, कोकण, गोव्यात घाम आणि दमटपणामुळे पूर्ण पॉलिमरच्या बेसखाली ओल साठते. पुढे लेस आणि कडेला पॉलिमरची पट्टी असलेला बेस हवा खेळती ठेवतो. मोनो जाळीचा बेस टिकाऊ पण कडेला दिसू शकतो. दाटी ‘मीडियम लाइट’ मागा, कारण चाळिशीच्या कपाळावर विशीची दाटी लगेच ओळखू येते. टेप किंवा गोंद वापरण्याआधी कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास थांबा. खाज किंवा पुरळ आलं तर तो प्रकार सोडा. बॉन्डिंग, म्हणजे ही चिकटवणी, दोन-तीन आठवडे टिकतं, पावसाळ्यात त्याहून कमी. त्यापुढे ताणलं की खाली मळ, बुरशी आणि फोड. झालर खूप खाली गेली असेल तर क्लिप टाळा. उरलेल्या केसांवर रोज ताण येऊन तेही जातात. हेल्मेट सरळ वरून घाला, पुढून मागे ओढत घातलं की पुढची कड उठते. उन्हाने आणि बोअरच्या जड पाण्याने पॅचचा काळा रंग तांबूस होतो, म्हणून जोडीला दुसरा पॅच ठेवून आलटून-पालटून वापरा.

क्लिप किंवा टेपवर महिनाभर वापरून पाहिल्याशिवाय वर्षभराचं पॅकेज घेऊ नका.

औषधं कुठे बसतात

मिनोक्सिडिल आणि फिनास्टेराइड गुळगुळीत टाळूवर केस आणत नाहीत. त्यांचं काम उरलेलं राखणं हे आहे, आणि म्हणूनच शस्त्रक्रिया करायची तर ती आधी किमान सहा महिने सुरू असावीत. पाच टक्के मिनोक्सिडिल, एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. पहिल्या एक-दोन महिन्यांत जास्त गळतं, तेव्हा घाबरून बंद करू नका. खाज सुटली तर फोम घ्या, त्यात प्रॉपिलीन ग्लायकोल नसतं. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही तिच्यापासून दूर ठेवा, मिनोक्सिडिल मांजरांना विषारी आहे. फिनास्टेराइड एक मिलिग्रॅम रोज, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. काही पुरुषांत कामेच्छा कमी होते किंवा मन खचतं. तसं जाणवलं तर लगेच सांगा. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए चाचणी केली तर हे औषध चालू असल्याचं कळवा, कारण आकडा जवळपास निम्मा दिसतो. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

पीआरपीवर, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा अंश टाळूत टोचण्यावर, मोठ्या टकलासाठी पैसे घालू नका. जिथे मुळंच नाहीत तिथे इंजेक्शन कशाला चेतवणार? कमतरता नसेल तर बायोटिन हे जीवनसत्त्वही नको. कृत्रिम धागे टाळूत रोवण्याचा ‘बायोफायबर’ प्रकार तर अमेरिकेत १९८३ पासून बंद आहे. संसर्ग होतो आणि व्रण पडतात.

पैशांचा ताळेबंद

दर शहरागणिक बदलतात, तुम्हाला मिळालेले आकडे घालून हेच गणित करा. समजा ३००० ग्राफ्ट, ४५ रुपये दराने १,३५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५९,३००. औषधं महिना हजार धरली तर दहा वर्षांत आणखी १,२०,०००. पॅच १५ हजारांचा, वर्षाला दोन, आणि महिन्यातून दोनदा हजार रुपयांचं सर्व्हिसिंग, म्हणजे वर्षाला ५४,०००, दहा वर्षांत ५,४०,०००. पॅचला दर पंधरा दिवसांचा वेळही द्यावा लागतो. दर विचारताना तो ग्राफ्टचा आहे की केसाचा, हे लेखी घ्या. ‘सहा हजार केस’ म्हणजे तीनच हजार ग्राफ्ट.

ट्रान्सप्लांट ठरलंच तर

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी. ‘काप कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, डॉक्टर खोलीत किती वेळ असतील?’ हे थेट विचारा. आपत्कालीन औषधं, ऑक्सिजन आणि जवळचं रुग्णालय यांचीही चौकशी करा. २०१९ मध्ये मुंबईत एका बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका व्यक्तीचा दोन-तीन दिवसांत मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. बैठक लांबली की भुलीचं औषधही वाढतं. अॅड्रिनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅम असते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दोन टक्क्यांचं औषध २४ मिलिलिटरच्या आसपास. शिवाय ग्राफ्ट शरीराबाहेर सहा तासांपेक्षा जास्त राहिले की जगण्याचं प्रमाण घसरतं. एका दिवसात २५०० ते ३००० पुरे.

आधी रक्तातली साखर, रक्तगट, रक्तपेशींची मोजणी, गोठण्याची चाचणी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी. रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. सिगारेट दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर बंद. ती टाळूचा रक्तपुरवठा आखडते.

नंतरचे पहिले तीन-चार दिवस डोकं उंच ठेवून झोपा आणि दर तासा-दोन तासांनी सलाइनचा फवारा मारा. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळ, डोळे सुजतात, ते उतरतं. तिसऱ्या दिवसापासून मगाने हलकं पाणी ओतून धुवा, शॉवरची धार नको. खपल्या दहा-चौदा दिवसांत पडतात, तोवर हेल्मेट नाही, म्हणजे दुचाकीही नाही. कातडी काळी पडू लागली, पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात, मुळं आत असतात. चौथ्या महिन्यापासून नवे दिसू लागतात. निकाल बारा महिन्यांनी पाहायचा, भोवऱ्यावर लावले असतील तर अठरा. त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात दर महिन्याला समोरून, वरून आणि मागून फोटो काढा. दुसऱ्या बैठकीची बोलणी वर्षाच्या आत सुरू करू नका, आणि तेव्हाही मागच्या पट्ट्याची दाटी पुन्हा मोजून घेतल्यावरच.