वाचनालयाचं छप्पर आणि अनुदानाची फाईल

आमच्या वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. मृग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर धार लागली. मला कार्यवाह होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. घरातली पातेली, बादल्या, शेजारच्या चहावाल्याचा टोप, सगळं माळ्यावर गेलं. संध्याकाळच्या सभेत दोन मतं पडली. एक म्हणे, वरून पत्रा मारून टाका, कटकट नको. दुसरं म्हणे, एवढ्या योजना असतात, एक अर्ज टाका की! मी दुसऱ्या मताची. अर्ज टाकला आणि तो पाच ओळींच्या पत्रासह परत आला. का परत आला हे नीट कळायला वर्ष गेलं. तुमच्या गावात कौलारू वाचनालय, पडकी धर्मशाळा, जुनी मशीद, मठ किंवा शाळा असेल आणि ती वाचवायची असेल, तर ते वर्ष तुम्ही घालवू नका.

आधी इमारत कोणाची ते बघा

हसू नका. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मिळकत पत्रिकेवर, ज्या देणगीदारांचं नाव होतं ते जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. वाचनालय त्याच इमारतीत शंभर वर्षं चालू आहे म्हणजे ती वाचनालयाचीच, असं सगळे धरून चालले होते. अनुदान देणारा तसं धरत नाही. सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल, तर धर्मादाय कार्यालयातून पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदवहीचा (शेड्यूल एकचा), उतारा काढा. त्यात दोन गोष्टी बघायच्या: स्थावर मिळकतीच्या रकान्यात इमारत आहे का, आणि विश्वस्तांची नावं आजची आहेत का. आमच्या उताऱ्यावरचे अर्धे विश्वस्त स्वर्गवासी होते. दर निवडणुकीनंतर सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अहवाल, द्यायचा असतो, तो आधीच्या तीन कार्यकारिणींनी दिलाच नव्हता. ते निस्तरायला आठ महिने लागले. त्यामुळे अर्ज कुठे करायचा ते नंतर, चेंज रिपोर्ट उद्या सकाळी.

इमारत कुठल्या यादीत आहे?

प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. या दोन्हींखाली संरक्षित झालेल्या वास्तू पुरातत्त्व खात्यांकडे. राज्य संरक्षित स्मारकाचं पालकत्व संस्थेला किंवा कंपनीला घेता येतं, त्यासाठी २००७ पासून ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहे. शहरांत तिसरी यादी असते, हेरिटेज यादी. मुंबईनं १९९५ मध्ये तशी नियमावली केली आणि इमारतींना श्रेणी दिल्या.

तुमची इमारत बहुधा यांपैकी कशातच नसेल. आमचीही नाही. म्हणजे पुरातत्त्वाचे पैसे नाहीत, पण प्रत्येक खिळ्याला त्यांची परवानगीही नाही. फक्त एवढं तपासा, की जवळ केंद्र संरक्षित स्मारक नाही ना. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. देवळाशेजारच्या किंवा किल्ल्याखालच्या इमारतीत दुरुस्ती काढून लोक इथेच अडकतात.

हात लावण्याआधी फोटो

कुठलंही काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंत, प्रत्येक वासा, प्रत्येक भेग. जमिनीवर खडूनं खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेवर उभं राहून फोटो काढा. भेगेशेजारी पट्टी धरा. आम्ही सुताराची फूटपट्टी धरली होती, चालतं. पुढे अनुदानाचा हिशेब देताना आणि पुरस्काराला प्रवेशिका भरताना लागतात ते हेच फोटो. काम झाल्यावर ‘आधीचं’ चित्र कुठूनही आणता येत नाही.

आमच्याकडे फोटो काढताना वाचन कक्षाच्या मागच्या भिंतीपाशी गवंडीकाका थांबले. वय सत्तरीच्या पुढे, बापानं याच इमारतीची पागोळी बांधली होती म्हणे. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. वर भरीव आवाज, खाली पोकळ.

“वहिनी, हे सिमिट कुणी मारलं?”

मागच्या कुठल्यातरी समितीनं. ओल दिसते म्हणून गुडघ्यापर्यंत सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट. काकांनी छिन्नीनं तळहाताएवढा तुकडा काढला. मागचा जांभा ओला गार होता, नखानं उकरला तर लाल चिखल हाताला लागला. जांभा सच्छिद्र. त्यात पाणी चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जातं. सिमेंटनं ती वाट बंद केली, तेव्हा पाणी आणखी वर चढलं. गुडघ्यापर्यंतची ओल खांद्यापर्यंत आली होती. दुरुस्तीसाठी आणलेल्या पैशानंच भिंत मेली होती. पैसे नसते तर बरं झालं असतं, असं मी ज्या एकाच प्रसंगी म्हटलं तो हा.

तेव्हा अंदाजपत्रक करून घेताना सांभाळा. नेहमीचा ठेकेदार नेहमीच्या दरानं सिमेंटच लिहून देईल आणि अनुदान मंजूर झालं की तेच तुमच्या डोक्यावर बसेल, कारण मंजूर बाबीखेरीज खर्च दाखवता येत नाही. संवर्धनाचं काम केलेला वास्तुविशारद गाठा, त्याची फी द्या. विझवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, मंगलोरी कौलं, सागाचे वासे, असं नावानिशी लिहून घ्या. कामाचे टप्पे पाडा: आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंती, मग वायरिंग, रंग सर्वांत शेवटी. आमच्या समितीला रंग आधी हवा होता. वर्धापनदिन होता ना!

पैसा कुठे आहे

वाचनालयाला वर्गवारीप्रमाणे जे सरकारी अनुदान मिळतं त्याचं नाव ‘परिरक्षण अनुदान’. नावावर जाऊ नका. ते पगारात आणि पुस्तकांत संपतं, कौलांपर्यंत पोचत नाही. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे बघा. तिथे जागा वाढवण्यासाठी राज्याच्या वाट्यासह मिळणारं साह्य आहे आणि ५०, ६०, ७५, १००, १२५, १५० वर्षं पुरी करणाऱ्या ग्रंथालयांसाठी वेगळं साह्य आहे. तुमची शताब्दी तोंडावर असेल तर सत्काराचे नारळ आणण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा.

दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामासाठी त्यांनी खर्च करायच्या पैशाची. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, ऐतिहासिक वास्तूंची पुनर्स्थापना आणि सार्वजनिक ग्रंथालयं हे शब्द एकाच बाबीत आहेत. आमच्यासारख्यांना याहून सोयीचं वाक्य कायद्यात सापडायचं नाही. पण संस्थेकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी, आणि सीएसआरचा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ ही नोंदणी हवी. एमआयडीसीतल्या व्यवस्थापकाला भेटायला जाताना दोन पानांचं टिपण न्या. चाळीस पानांचा अहवाल तो वाचत नाही. परदेशी निधीचा मोह होतो, मलाही झाला. मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय डॉलर सोडा, एक सेंटही घेता येत नाही.

आणि एक लक्षात असू द्या. बहुतेक ठिकाणी पैसे हप्त्यानं येतात. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय दुसरा नाही, आणि दुसरा हप्ता नेमका पावसाळ्यात अडतो. छप्पर उघडं ठेवून वाट बघता येत नाही. तेवढी रक्कम वर्गणीतून बाजूला काढल्यावरच कौलं उतरवा.

अर्जात काय लिहायचं

पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘सदर वाचनालय हे शहराचे भूषण असून…’ प्रत्येक वाचनालय भूषणच असतं. दुसऱ्या खेपेला जुन्या वर्गणीच्या वह्या काढल्या. मोडीतल्या काही नोंदी आमच्या माजी शिक्षकांनी लावून दिल्या. लाकडाचं सामान एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्यानं खरेदी भावात दिलेलं. घड्याळ एका भाटिया पेढीचं. महिना चार आणे वर्गणी देणारे एक बेने इस्रायल मास्तर, त्यांच्यापुढे ‘शनवारी पुस्तक घेत नाहीत’ अशी नोंद, कारण शनिवार त्यांचा शब्बाथ. हे सगळं अर्जात घातलं, वहीच्या पानाचे फोटो जोडून. छप्पर कुणाचं आहे ते तिथे दिसलं. यावेळी पाहणीला माणूस आला आणि त्यानं आधी त्या वह्याच मागितल्या.

वह्या, पोथ्या, नकाशे तुमच्याकडे असतील तर ते छपराच्या आधी हलवा. लोखंडी कपाट, तेही भिंतीपासून वीतभर लांब.

पुरस्काराचं काय?

पुरस्कारानं छप्पर होत नाही, छप्पर झाल्यावर पुरस्कार येतो. युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार २००० पासून दिले जातात. अट अशी की वास्तू ५० वर्षांहून जुनी हवी, काम गेल्या १० वर्षांत पुरं झालेलं हवं आणि त्यानंतर ती निदान वर्षभर वापरात असावी. रोख रक्कम मिळत नाही. शेवटची अट मला सगळ्यांत आवडते. कुलूप लावून चकचकीत ठेवलेल्या इमारतीला तिथे जागा नाही.

मुंबईची यादी बघा. २००५ मध्ये भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्यासाठी महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी आधी त्रिपक्षीय करार केला होता. २०१७ मध्ये ऑपेरा हाउस, २०१९ मध्ये फोर्टातलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, २०२२ मध्ये शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळा स्टेशन. नाटकगृह, प्रार्थनास्थळ, लोकल पकडायची जागा. स्टेशनला मिळू शकतं तर तालुक्याच्या वाचनालयानं लाजायचं कारण नाही, पण घाईही नको. त्याआधी राज्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार आहे, वर्गवार दिला जातो. त्याची प्रवेशिका भरताना फाईल आपोआप शिस्तीत येते. आम्ही भरली आहे, मिळालेला नाही.

आमचं छप्पर दोन मोसमांपूर्वी झालं. उतरवलेल्या कौलांपैकी साबूत निघालेली मी विकू दिली नाहीत. मागच्या पडवीत उभी रचून ठेवली आहेत, मोजून तीनशे बारा. त्या साच्याची कौलं आता मिळत नाहीत, नवीन कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही आणि माकडं वर्षाला वीस-पंचवीस तरी फोडतात.