चवथीच्या देखाव्यासाठी लेगोची वाफेची रेलमोटर

इंजिन आणि डबा एकाच सांगाड्यात असलेली वाफेची रेलमोटर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) चलत्‌ देखाव्याला फार शोभते. नमुना म्हणून इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी घ्या. १९०३ ते १९०८ या काळात त्यांनी अशा ९९ गाड्या बांधल्या; त्यांतली ९३ क्रमांकाची आज डिडकॉटच्या रेल्वे-संग्रहालयात जतन केलेली आहे. एका टोकाला उभा बॉयलर, त्याखाली चार चाकांची इंजिन-बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखाली वळणारा चाकांचा सांगाडा), आणि दुसऱ्या टोकालाही चालकाची केबिन. त्यामुळे गाडी वळवावी लागत नसे.

आधी लांबी ठरवा, आणि ती वळणावरून ठरवा. मूळ गाडी ७० फूट. डबा ८ स्टड (स्टड म्हणजे लेगोच्या ठोकळ्यावरचा गोल उंचवटा; मापाला एक स्टड ८ मिमी) रुंद धरला तर प्रमाणात ती सुमारे ६२ स्टड लांब होते. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या मात्र ४० स्टडच असते. म्हणून लांबी ४४ आणि दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर ३० स्टड ठेवा. मग वळणावर डब्याचं पोट आत आणि टोकं बाहेर, दोन्ही रुळांच्या मध्यरेषेपासून जेमतेम ७ स्टडपर्यंत जातात. समई, मखराचे खांब त्यापलीकडे हवेत. वळणाच्या १६ तुकड्यांचं पूर्ण वर्तुळ ८० सेंमीच्या चौरंगावर मावतं. मुरगाव–कॅसलरॉक हा आपला जुना मार्ग मीटरगेज होता. लेगोच्या दोन रुळांतलं अंतर एक मीटर धरून माप काढलात तर डबा १२ स्टडच्याही पुढे जातो, त्या फंदात पडू नका.

सगळं कौशल्य इंजिन-बोगीत आहे. २८ ते ३० मिमी व्यासाची स्पोकची चार चाकं घ्या, आसांमधलं अंतर ६ स्टड. पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या जोडदांड्यासाठी दोन्ही बाजूंना ७ भोकांची पातळ टेक्निक (लेगोची भोकांच्या तुकड्यांची मालिका) पट्टी अचूक बसते. खिळे (टेक्निक पिना) बिनघर्षणाचे वापरा. काळ्या खिळ्यांवर कडा असतात, त्यांनी दांडा आखडतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे खिळे एकमेकांशी ९० अंशांत हवेत. दोन्ही एकाच कोनात ठेवले तर दोन्ही दांडे एकाच वेळी सरळ रेषेत येतात आणि पुढचं-मागचं चाक उलटसुलट फिरू पाहून अडतं. जोडल्यावर बोगी हाताने रुळावर ढकलून बघा. चाक न फिरता घसरत असेल तर चाकांना रबरी कडी घाला, बॉयलरच्या खोलीत वजन ठेवा.

ही बोगी मोटरने फिरवू नका. पॉवर्ड अप या लेगोच्या मोटर-प्रणालीची ट्रेन-मोटर दुसऱ्या टोकाखाली लावा आणि सहा बारीक (AAA) सेलांचा हब, म्हणजे तिची सेलपेटी, बरोबर तिच्या डोक्यावर बसवा, म्हणजे पकड मिळते. वायरीसाठी तळाला २×४ स्टडची फट सोडा.

तळ दोन थरांचा: खाली ६×१६, ६×१२, ६×१६ प्लेटा, वर ६×१०, ६×२४, ६×१०. सांधे एकावर एक येत नाहीत. मधे टेक्निक ब्रिकच्या दोन रांगा हव्यातच, नाहीतर डबा मधोमध झोळतो. वळणावर इंजिन-बोगी २२ अंश वळते आणि तिच्यावरचे वाफेचे सिलिंडर डब्याच्या कडेबाहेर येतात. म्हणून तिथे साधारण १२ स्टड लांबीत कडेची झालर लावू नका. इथवर झालं की नुसता सांगाडा वर्तुळावर दोन्ही दिशांनी पळवा. भिंती त्यानंतरच.

भिंतीत ९ स्टड इंजिनखोली, ३० स्टड प्रवासी भाग, ५ स्टड केबिन. प्रवासी भागात २ स्टडची खिडकी आणि १ स्टडचा खांब, असं दर बाजूला दहा वेळा. बॉयलर म्हणजे ४×४ गोल ब्रिकची चळत; धुराडं २×२ गोल ब्रिकचं, छतातून वर काढलेलं. छताला २×४ चे ४४ वक्र उतार लागतात. मोजक्याच स्टडवर टेकवा, म्हणजे सेल बदलताना उचलता येतं.

रंग खाली चॉकलेटी, वर क्रीम. चॉकलेटी जुने तुकडे मात्र सेकंडहँड घेऊ नका. या रंगाचे बरेच तुकडे ठिसूळ निघतात आणि क्लिपा हातात तुटतात.

चवथ भर पावसात येते. रोज रात्री सेल काढून ठेवा, दमट हवेत टोकांवर गंज चढतो. समईच्या तेलाचा हात रुळांना लागला की मोटर जागीच फिरते. आरतीनंतर रूळ कोरड्या सुती फडक्याने पुसा.